पाना हातात घेण्याआधी

थांब. वाजवायला घेऊ नकोस. टेबलावर आधी टॉवेल टाक, त्यावर ती गिटार ठेव आणि माझ्यासमोर बस. बाकीच्यांना घरी जायचं असेल तर जा. पण थांबलात तर बरं, कारण आज मी याला जे बोलणार आहे ते तुमच्यातल्या निम्म्या जणांना लागू आहे.

गेल्या रविवारी तू म्हणालास, "सर, तारा फार वर आल्यात, बोटं दुखतात." मी म्हणालो, आज वेळ नाही, पुढच्या वेळी बघू. आठ दिवस धीर धरवला नाही तुला. मोबाइलवर कुणाचा तरी तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहिलास, बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून ॲलन की काढलीस, साउंडहोलमधून हात आत घातलास आणि ट्रस रॉड आवळून मोकळा झालास. किती फिरवला विचारलं तर म्हणतोस, "दीड फेरा असेल सर, दोन पण असतील." असतील? स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा हिशेब तुला देता येत नाही? बरं, आत्ता माझ्यासमोर दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलंस तेव्हा तार खरखरली. ती तुला ऐकू आली, तुझा चेहरा मी पाहिला. तरी मला सांगतोस की तारा जुन्या झाल्यात, नवीन सेट टाकायला हवा. वाद्य बिघडलं याचा मला राग नाही. बिघडलेलं झाकायला गेलास, त्याचा आहे. डॉक्टरकडे जाऊन दुखरा पाय सोडून दुसराच पाय दाखवतं का कुणी?

ही गिटार तुझ्या आईने भिशीच्या पैशातून घेतली. मी दुकानात तुमच्याबरोबर होतो. तुला पटकन कळणार नाही, पण ती माउली पैसे मोजत असताना दोनदा थांबली होती. हे मी तुला लाजवायला सांगत नाही. दुसरी गिटार लवकर येणार नाही, एवढं तुझ्या डोक्यात राहावं म्हणून सांगतो.

आता नीट ऐक, तू नेमकं काय केलंस ते.

या सहा तारा सुरात लावल्या की त्या सगळ्या मिळून ७० किलोंहून जास्त ताकदीने दोन्ही टोकांना ओढत असतात. एक अंगापिंडाने भरलेला माणूस या लाकडाच्या पट्टीला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समज. ही पट्टी, हा नेक, तारांच्या बाजूला वाकणारच. धनुष्याला दोरी लावल्यावर ते वाकतं तसा. त्याला आतून उलटा ताण द्यायला जी लोखंडी सळई बसवलेली असते, तो ट्रस रॉड. अशा फिरवता येणाऱ्या रॉडचं पेटंट अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या टेड मॅकह्यू यांना १९२३ साली मिळालं. मार्टिनसारख्या मातब्बर कंपनीने तर तो आपल्या गिटारींमध्ये १९८५ साली घालायला सुरुवात केली. त्याआधीच्या गिटारीचा नेक वाकला तर कारागीर फ्रेट उपटून पुन्हा ठोकत बसायचे, तेव्हा कुठे तो सरळ व्हायचा. जे काम करायला त्यांना दिवसच्या दिवस लागायचे, ते तुला पाव फेऱ्यात करता यावं म्हणून ही सोय आहे. आणि तू ती नळाची चावी पिळावी तशी पिळलीस.

रॉडचं काम एकच: नेकचा वाक कमी-जास्त करणं. तारा खाली आणणं हे त्याचं काम नाही. रॉड आवळल्यावर तारा थोड्या खाली येतात हे खरं, म्हणून तर लोक फसतात. पण पंखा हलतो म्हणून छत ठोकत बसण्यासारखं आहे ते. तुझा व्हिडिओवाला हे बोलला होता का? बोलला असेल, तर तू पुढे सरकवलंस. नसेल बोलला, तर ज्याला एवढंही सांगता येत नाही त्याच्या भरवशावर तू आईच्या पैशाला पाना लावलास.

नेक अगदी सपाट असावा असं तुला वाटतं ना? बऱ्याच जणांना वाटतं. तार छेडली की ती मधल्या भागात जास्त झुलते, उड्या मारण्याच्या दोरीसारखी. त्या झोक्याला जागा हवी, म्हणून नेकला तारांच्या दिशेने जरासा वाक ठेवायचा असतो. जरासा म्हणजे किती? सातव्या फ्रेटपाशी ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. तुझी पहिली तार, सगळ्यांत बारीक, ती बारा गेजची आहे. तिची जाडी ०.३० मिलिमीटर. म्हणजे तुझ्या सगळ्यांत बारीक तारेपेक्षाही कमी फट. एवढ्याशा मापाच्या गोष्टीवर तू दीड-दोन फेरे फिरवलेस. त्यामुळे तुझा नेक आता उलटा, मागे वाकलाय. मधले फ्रेट वर आलेत आणि तू पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलंस की तार पुढच्या फ्रेटांवर आपटते. तीच ही खरखर. आणि एवढं करून बाराव्या फ्रेटवर तारा अजून वरच आहेत, ते बघितलंस? दुखणं होतं तिथेच राहिलं, दुसरं नवीन ओढवून घेतलंस.

मघाशी मागून कुणीतरी पुटपुटलं, "सर, जवारीसारखं वाजतंय." हसू नका. जवारी हा शब्द इथे वापरायचा नाही. मिरजेला जा एकदा, सतारमेकर गल्लीत बसा तासभर. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा फिरवतो. केसाएवढा उतार कमी-जास्त झाला तर आवाज मरतो हे त्याला माहीत असतं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो झंकार उघडायचा. ती खरखर माणसाने कानाने घडवलेली असते. तुझी ही खरखर बेपर्वाईतून आलेली आहे. तिला ते नाव द्याल तर त्या कारागिरांचा अपमान कराल.

आता मूळ दुखण्याकडे ये. तारा वर का आल्या? तुला हा प्रश्नच पडला नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. मार्चमध्ये ही गिटार छान वाजत होती. एप्रिलमध्ये वाजत होती. जुलै संपता संपता तारा वर आल्या. मधल्या काळात काय झालं? पाऊस झाला. गिटार कुठे टांगतोस तू? खिडकीशेजारच्या बाहेरच्या भिंतीवर. गेल्या गणपतीत तुझ्या घरी आलो होतो, त्या भिंतीला ओल आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. ओलीला पाठ लावून गिटार दोन महिने लटकतेय. दमट हवा लाकूड पितं. पावसाळ्यात तुमच्या घराचा दरवाजा चौकटीला घासायला लागतो ना, तसंच. गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते. ती फुगते, पोट पुढे येतं, त्याबरोबर ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्यावरच्या तारा वर येतात. ही फूटपट्टी घे. ब्रिजच्या मागे आडवी ठेव. दोन्ही टोकांशी फट दिसतेय? थोडी असतेच, तारांच्या ओढीने ती यायचीच. पण एवढी नव्हती. मी विकत घेतानाच पाहून ठेवली होती.

म्हणजे नेकचा दोषच नव्हता. शिक्षा मात्र त्याला झाली.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असली की ॲकॉस्टिक गिटार सुखात असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर जाऊन बसते. उलट एप्रिल-मे मध्ये विदर्भात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं, फ्रेटांची टोकं बाजूने बाहेर येऊन बोटाला टोचतात, आणि फार झालं तर पुढची फळी तडकते. नागपूरला बदलून गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीची गिटार अशीच तडकली. तिला बिचारीला मी हे सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती आणि म्हणून तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगतो. तुलाही सांगितलं होतं. वहीत लिहून दिलं होतं: पावसाळ्यात गिटार केसमध्ये ठेवायची, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, केस बंद करायची. कोरड्या गावी गेलात तर उलटं, साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला पिळलेला स्पंजाचा तुकडा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांना मिळतं. तुझ्या पायातल्या बुटांच्या किमतीत चार-पाच येतील. आणि गाडीच्या डिकीत भर उन्हात गिटार ठेवू नये हे तर लिहायचीही गरज नसावी. आतली उष्णता सरसाला मऊ करते आणि तारा ब्रिज उचकटायला टपलेल्याच असतात.

ब्रिज उचकटणं काय असतं ते मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना मामाने मला त्याची जुनी स्पॅनिश गिटार दिली, नायलॉनच्या तारांची. मला स्टीलचा खणखणीत आवाज हवा होता. कुणाला न विचारता मी तिच्यावर स्टीलचा सेट चढवला. नायलॉनच्या तारांचा ताण स्टीलच्या साधारण निम्म्याने असतो, तिची अख्खी बांधणी तेवढ्याच ओढीची असते, तशा बहुतेक गिटारींमध्ये ट्रस रॉडही नसतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. चौथ्या रात्री दोन वाजता घरात बंदुकीसारखा आवाज झाला. आई घाबरून उठली. ब्रिज फळीचे ढलपे घेऊन सुटला होता. मामा एक शब्द बोलला नाही. अजूनही मला त्याचं न बोलणं आठवतं. म्हणून मी तुला बोलतोय. मला कुणी वेळेवर असं फाडून बोललं असतं तर ती गिटार आज वाजत असती.

तेव्हा यापुढे कुठल्याही पान्याला हात लावण्याआधी माप घ्यायचं. आणि मापाआधी कान. कुठे खरखरतं ते ऐक. नुसती मोकळी तारच खरखरत असेल आणि बोट ठेवल्यावर साफ होत असेल, तर नेकच्या टोकाच्या नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या पाच फ्रेटांत खरखरत असेल तर नेकला वाक कमी पडतोय. वरच्या फ्रेटांवर, दहाच्या पुढे खरखरत असेल तर ब्रिजवरची सॅडल फार खाली आहे किंवा एखादा फ्रेट उचललाय. आणि एकाच जागी एकच सूर बिघडत असेल तर तो एकच फ्रेट तपास, सगळ्या गिटारीला वेठीला धरू नकोस. दोन मिनिटं शांत बसून ऐकलं तर वाद्य स्वतःच सांगतं कुठे दुखतंय. तू ऐकतच नाहीस. वाजवतानाही ऐकत नाहीस, हे मी महिनाभर सांगतोय.

तारा खाली आणायच्याच असतील तर त्याची जागा सॅडल आहे. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत मोजायचं: जाड तारेला २.४ मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेला १.६ ते २. तिथे अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. दुप्पट. वहीत लिही. आणि सॅडल खालून घासायची, वरून नाही. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि सहाणेवर चंदन उगाळावं तसं सरळ धरून, एका लयीत, थोडंथोडं घासायचं; मध्येमध्ये थांबून मोजायचं. बूड तिरकं झालं तर सॅडल ब्रिजच्या खाचेत नीट टेकणार नाही आणि आवाज बसेल. पण ऑगस्टमध्ये सॅडल घासायची नाही! गिटार फुगलेली आहे. आज घासशील तर नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की फळी खाली बसेल आणि तारा फ्रेटांना टेकतील. घासलेली सॅडल परत वाढत नाही. आधी पंधरा दिवस केसमध्ये सिलिका जेलबरोबर राहू दे तिला. मग मोजू. बहुतेक घासायची वेळच येणार नाही.

आणि हे काय लावलंयस फ्रेटबोर्डला? वास येतोय. खोबरेल? खोबरेल केसांना लावायचं. लाकडावर ते हळूहळू खवट होतं, चिकट होतं, धूळ धरून ठेवतं. गेल्या वर्षी एकाने व्हिडिओत "लेमन ऑइल" ऐकलं आणि घरचं लिंबू पिळलं होतं. लिंबाच्या रसात आम्ल असतं, लाकडाचं आणि फ्रेटचं दोघांचं नुकसान करतं ते. सुती फडकं, अगदी थोडं ओलं, लगेच कोरडं. वर्षातून एक-दोनदा फ्रेटबोर्डसाठीच मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब, तेही पुसून काढायचे. बस.

हे लाकूड शिसवाचं आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला शिसव, ज्याच्या पलंगावर तुझी आजी झोपली असेल. ब्राझीलचा शिसव मिळेनासा झाला तेव्हा मार्टिन कंपनीने १९६९ साली गिटारींसाठी हाच भारतीय शिसव धरला, आणि आज जगातल्या उत्तमोत्तम गिटारींच्या पाठी याच्या असतात. एक झाड त्या जाडीचं व्हायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. तुझ्या हातात त्याची दोन-तीन बोटं रुंद पट्टी आहे, तिची निगा राखणं तुला जड जातंय.

वाजवून झालं की तारा पुसायच्या, वरूनही आणि खालूनही. तुझ्या हाताला घाम जास्त येतो, तुझ्या तारा इतरांपेक्षा लवकर गंजतात; त्यात तुझा दोष नाही, पण न पुसण्यात आहे. तारा बदलताना सगळ्या एकदम कापून टाकायच्या नाहीत. सैल करून मगच काढायच्या. ब्रिजच्या भोकात तार घालताना तिच्या टोकाचा मणी आतल्या लाकडाला टेकला पाहिजे. तो पिनच्या टोकावर अडकला तर पिन उडते, ती डोळ्याजवळूनही जाते. पिन बसवताना तार हलकेच वर ओढत राहा, मणी जागेवर बसल्याचं बोटाला कळतं. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. नटच्या खाचेत पेन्सिल फिरवली तर सूर लावताना तार टिंग टिंग करत अडकत नाही. एवढी साधी कामं आहेत. यातलं एकही न करता तू थेट रॉडला हात घातलास.

तुझं नशीब की दोन फेऱ्यांत रॉडचा नट घसरला नाही. एकदा त्याची षट्कोनी खाच घासून गोल झाली किंवा रॉड आत तुटला, की नेक उघडावा लागतो, आणि त्या खर्चात नवी गिटार येते. आवळताना कधीही हाताला अडलं की थांबायचं. जोर लावायचा नाही. पान्याला जोर लागतोय याचा अर्थ रॉडचं काम संपलं आहे.

चल, उठ. रडायचं काही कारण नाही. मी तुला करून देणार नाही, तूच करायचं आहेस, मी शेजारी उभा आहे.

ट्यूनर लाव. आधी सहाही तारा बरोबर सुरात आण. सैल तारांवर घेतलेलं माप खोटं. आता गिटार मांडीवर घे, वाजवताना घेतोस तशी. टेबलावर आडवी ठेवून मोजलं तर तिच्याच वजनाने माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो. उजव्या हाताने सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाब, जिथे नेक अंगाला मिळतो तिथे. आता तार म्हणजे गवंड्याची दोरी, तिच्यापेक्षा सरळ या खोलीत काही नाही. सातव्या फ्रेटवर बघ. फट आहे? नाही. तार टेकलीये. बोटाने टिचकी मार, हलते का? नाही हलत. पाहिलंस स्वतः? हे माप तू रॉडला हात लावण्याआधी घेतलं असतंस तर फट दिसली असती आणि तुझा हात तिथेच थांबला असता.

वही काढ. आजची तारीख घाल. पुढे लिही: सातवा फ्रेट, शून्य.

आता पाना. ही माझी ॲलन की घे, तुझ्या बाबांची इंची आहे की मिलिमीटरची ते तू पाहिलेलं नाहीस. खाचेत ढिली बसणारी किल्ली नट खाते. शेवटपर्यंत आत जाऊ दे. टेकली? किल्लीच्या दांड्याला हा कागदी टेप लाव, म्हणजे ती किती फिरली ते दिसेल. घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. सैल करतोयस तू. पाव फेरा. घड्याळात बारावरून नऊवर. थांब, इथेच. किल्ली काढ.

आता सूर उतरले असतील, पुन्हा लाव. लाकडाला बसायला वेळ लागतो. दहा मिनिटं गिटारीला हात लावायचा नाही. तोवर सिलिका जेलच्या पुड्या मोज, कपाटात ठेवल्यात.

झाली दहा मिनिटं. पुन्हा कॅपो, पुन्हा चौदावा फ्रेट. ही फिलर गेज, गॅरेजवाल्याकडे असते तीच. ०.१० ची पात सातव्या फ्रेटवर, तारेखालून सरकव. तार उचलली जाता कामा नये, नुसती चाटून गेली पाहिजे. जात नाही? चालेल, लिही. पुन्हा पाव फेरा. सूर. दहा मिनिटं. घाई करू नकोस, मला कुठे जायचं नाही.

आता बघ. ०.१० गेली? ०.१५ ची घे. श्वास रोखून धरू नकोस, हात थरथरतोय तुझा. गेली? मग दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेव आणि सहावी तार छेड. डोळे मिटून ऐक, पूर्ण विझेपर्यंत.

काय ऐकू आलं? मला नको सांगूस, वहीत लिही.